हंगामी लॉजचं पिण्याचं पाणी: शुद्धीकरणावर लक्ष कसं ठेवायचं

जेवण बिघडलं तर पाहुणा तिथल्या तिथे बोलून दाखवतो. पाण्याचं तसं होत नाही. पाण्यातून येणारा जिआर्डिया हा परजीवी पोटात गेला तर त्रास सुरू व्हायला एक ते तीन आठवडे लागतात आणि क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीला साधारण आठवडा. तोवर पाहुणा घरी जाऊन कामाला लागलेला असतो. पोट बिघडलं की तो आदल्या दिवशीच्या जेवणाला नावं ठेवतो, दोन आठवड्यांपूर्वीचा तुमचा नळ त्याच्या ध्यानीमनीही नसतो. एखाद्या वस्तीचं पाणी दूषित झालं तर सगळे आजारी एकाच दवाखान्यात येतात आणि डॉक्टरला शंका येते. लॉजचे आजारी मात्र दहा गावांना पांगलेले असतात. म्हणून ‘इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही’ या वाक्याला लॉजच्या बाबतीत काही अर्थ नाही. इथे तक्रार येतच नसते, त्यामुळे मोजमापावरच भिस्त ठेवावी लागते.

हा लेख अशा लॉजसाठी आहे जिथे पाणी स्वतःच्या विहिरीतून, बोअरमधून, झऱ्यातून किंवा ओढ्यातून येतं, वर्षातले काही महिनेच वापरलं जातं आणि शुद्धीकरणाकडे बघणारा माणूस बाकीची दहा कामंही करत असतो. साधारण मांडणी अशी धरली आहे: मोटार, गाळणीचे फिल्टर, यूव्ही दिवा (अतिनील किरणांनी जंतू निकामी करणारा), क्लोरीनचा डोसिंग पंप (ठरावीक प्रमाणात क्लोरीन सोडणारा), साठवण टाकी आणि मग नळ. खाली जिथे पाण्याची मर्यादा दिली आहे तिथले बहुतेक आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार आहेत. तुमच्या भागातला नियम त्याहून कडक असेल तर तोच पाळायचा. किती नमुने, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या नोंदी, हे स्थानिक आरोग्य खात्याकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

पहिलं काम: पाण्याची वाट कागदावर

उगमापासून शेवटच्या नळापर्यंत चालत जा आणि वाट काढून घ्या. कलाकुसर नको, पेन्सिलीचा आराखडा पुरे. त्यावर चार जागा ठळक करा: कच्चं पाणी घेता येईल असा नळ, फिल्टरनंतरची जागा, टाकीतून बाहेर पडतानाची जागा आणि सर्वांत लांबचा नळ. यातल्या एखाद्या जागी नमुना घ्यायला तोटीच नसेल तर हंगामाआधी बसवून घ्या. ज्या ठिकाणी तोटी नाही, तिथलं पाणी कुणीही कधी मोजत नाही.

फिरताना बायपास व्हॉल्व्ह शोधा. फिल्टर किंवा यूव्ही दुरुस्त करताना पाणी वळवण्यासाठी तो बसवलेला असतो आणि दुरुस्ती झाल्यावर अर्धवट उघडा राहतो. त्याला कुलूप किंवा निदान सील लावा. बंद पडलेल्या जुन्या लाइनी, बागेच्या नळाला जोडून बादलीत बुडवून ठेवलेला पाइप, जाळी नसलेला टाकीचा ओव्हरफ्लो आणि विहिरीच्या कठड्याची तडही टिपून ठेवा.

हंगाम उघडण्याआधी

पहिला पाहुणा येण्याच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो आणि तो वाईट निघाला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

टाकी रिकामी करून घासून घ्या. उगमाचं पाणी फिल्टरकडे न पाठवता सरळ बाहेर सोडा. महिनोन्‌महिने साचलेला गाळ फिल्टरच्या नव्या काडतुसात (आतल्या बदलायच्या गाळणीत) अडकवण्यात काही शहाणपण नाही. मग जास्त क्लोरीनचं पाणी सगळ्या लाइनीत फिरवायचं असतं. त्यासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम हे प्रमाण रूढ आहे आणि ते १२ ते २४ तास लाइनीत राहू द्यायचं. टाकी आणि पाइप मिळून ५,००० लिटर पाणी असेल तर २५० ग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट अडीच लिटर. सुगंधी किंवा घट्ट केलेलं घरगुती ब्लीच यासाठी वापरू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा. आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही ब्लीचच्या जवळपास नको, त्यातून विषारी वायू निघतात. कोळशाची काडतुसं, आरओचे मेम्ब्रेन आणि नळांच्या तोंडच्या जाळ्या आधी काढून ठेवा. मग प्रत्येक नळ, गरम पाण्याचासुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. एखादी खोली राहून गेली तर तिच्या लाइनीतला जंतूंचा थर तसाच राहतो. या काळात पाणी कुणी पिणार नाही अशी पाटी प्रत्येक नळावर हवी. नंतरचं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. सेप्टिक टाकीतही एकदम ओतू नका.

मग क्लोरीन नेहमीच्या पातळीवर आलं की पाणी वाहतं ठेवा, नळाला येणाऱ्या पाण्याचं तापमान स्थिर होईपर्यंत. पितळी आणि जुन्या जोडांमधून साचलेल्या पाण्यात शिसं आणि तांबं उतरतं, ते या वाहत्या पाण्याबरोबर निघून जातं.

गरम पाण्याच्या टाकीकडे वेगळं लक्ष द्या. लेजिओनेला हा जीवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांमधून थेट फुप्फुसात जातो. टाकीतलं पाणी ६० अंशांवर आणि नळाशी ते ५० अंशांच्या वर हवं, अर्थात भाजणार नाही अशी मिसळणी लावूनच. शॉवर पहिल्यांदा सोडताना त्याचं तोंड काढा किंवा पिशवीने झाका, म्हणजे तुषार तुमच्याच नाकात जाणार नाहीत. हंगामातही आठवडाभर रिकाम्या राहिलेल्या खोलीचे नळ आणि शॉवर पाहुणा येण्याआधी काही मिनिटं वाहू द्यायला हवेत. हे काम खोली झाडणाऱ्याच्या यादीत घाला. पाणी बघणाऱ्याच्या यादीत घातलं तर राहून जाईल.

रोजचं क्लोरीन: चाचणी नीट कशी करायची

मोजायचं ते मुक्त शिल्लक क्लोरीन, म्हणजे जंतू मारून झाल्यावरही पाण्यात उरलेलं. त्यासाठी डीपीडी या रसायनाची चाचणी वापरा. यात पाणी गुलाबी होतं. पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडीन किटमध्ये मुक्त आणि बांधलेलं (दुसऱ्या पदार्थांशी जोडलं जाऊन कमजोर झालेलं) क्लोरीन एकत्रच धरलं जातं, त्यामुळे आकडा असतो त्यापेक्षा चांगला दिसतो. स्विमिंग पूलसाठी आणलेलं असलं किट पडून असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी ते वापरू नका.

नळ दोन मिनिटं वाहू द्या. काचेची कुपी त्याच पाण्याने तीनदा विसळा, खुणेपर्यंत भरा आणि बाहेरून कोरड्या कापडाने पुसा. बोटाचा ठसासुद्धा मीटरला धूसरपणासारखा दिसतो. रसायन न घालता मीटर शून्यावर आणा. मग गोळी पाकिटातून थेट कुपीत पाडा, बोटांनी धरू नका. दांडीने चुरा, झाकण लावून उलटी करा आणि मिनिटाच्या आत वाचा. उशीर केला तर बांधलेलं क्लोरीनही रंग देऊ लागतं. तुमच्याकडे मीटर नसून रंगपट्टी असेल तर दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली गुलाबी छटा फसवते.

एक सापळा इथे आहे. गोळी टाकल्यावर गुलाबी रंग लखकन येतो आणि लगेच उडून जातो, किंवा येतच नाही, तरी पाण्याला क्लोरीनचा उग्र वास असतो. अशा वेळी क्लोरीन शून्य नसतं, इतकं जास्त असतं की ते रंगालाच ब्लीच करतं. नमुन्याचा एक भाग आणि क्लोरीन नसलेल्या पाण्याचे नऊ भाग घेऊन पुन्हा मोजा आणि येणारा आकडा दहाने गुणा. हे माहीत नसलेला माणूस ‘शून्य’ वाचून डोस आणखी वाढवतो.

आकडे किती हवेत? निर्जंतुकीकरण होण्यासाठी किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवं आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा) ८ पेक्षा कमी. शेवटच्या नळाला निदान ०.२ तरी असावं. आरोग्याच्या दृष्टीने कमाल मार्गदर्शक मूल्य ५ आहे, पण चवीची कुरबूर त्याच्या फार आधी सुरू होते. टाकीच्या बाहेर ०.५ ते १ च्या दरम्यान ठेवलं तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. पीएचकडे लक्ष ठेवायचं कारण असं की क्लोरीनचं जंतू झपाट्याने मारणारं रूप पीएच ७.५ ला साधारण निम्मं असतं आणि ८.५ ला दहा टक्क्यांच्या आसपासच उरतं. मीटरवरचा आकडा तोच दिसतो, ताकद मात्र नसते.

वेळही ठरवून घ्या. एक मोजणी पहाटे, सर्वांत लांबच्या नळाला, कारण रात्रभर तिथे पाणी थांबलेलं असतं. खोल्या भरलेल्या असतील त्या दिवशी दुसरी मोजणी संध्याकाळी टाकीच्या तोंडाशी, सगळे आंघोळीला लागलेले असताना. त्या वेळी संपर्काचा वेळ सर्वांत कमी असतो.

संपर्काचा हिशेब

नळाला येण्याआधी पाणी क्लोरीनबरोबर किती वेळ राहतं, हा हिशेब एकदा कागदावर करा. १,००० लिटरची टाकी आहे, गर्दीच्या वेळी पातळी ६०० लिटरवर येते आणि मिनिटाला २० लिटर उपसा होतो. ६०० भागिले २० म्हणजे ३० मिनिटं, असं वाटतं. पण पाणी जिथे आत येतं तिथूनच शेजारी बाहेर जात असेल तर ते टाकीत फिरत नाही, आडवाटेने निघून जातं. अशा टाकीचा दहावा हिस्साच धरायचा: ६० लिटर, म्हणजे तीन मिनिटं. क्लोरीन ०.८ असेल तर क्लोरीन आणि मिनिटांचा गुणाकार २.४ येतो. दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात विषाणू ९९.९९ टक्के मारायला हा गुणाकार ६ लागतो. म्हणजे मीटर ०.८ दाखवतोय, तरी काम झालेलं नाही. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप विरुद्ध टोकांना नेऊन मध्ये आडभिंती घातल्या तर तीन दशांश धरता येईल: नऊ मिनिटं, गुणाकार ७.२. प्लंबरच्या एका दिवसाच्या कामाने जे साधतं ते डोस वाढवून साधत नाही. पाणी थंड असेल तर आणखी जास्त वेळ द्यावा लागतो, तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दुप्पट.

जिआर्डियाच्या कवचाला त्याच तापमानाला हा गुणाकार शंभराच्या पुढे लागतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमला नेहमीच्या डोसमधलं क्लोरीन काहीच करत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक याच जंतूमुळे आजारी पडले. तिथे क्लोरीन चालू होतं, चूक गाळण्यात झाली होती. म्हणून उघड्या किंवा उथळ उगमाला फिल्टर आणि यूव्ही लागतातच.

फिल्टर, यूव्ही आणि गढूळपणा

फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाची घड्याळं हवीत. दोघांमधला फरक रोज, पाणी वाहतं असताना लिहा. तो हळूहळू वाढून बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेला पोहोचला की काडतूस बदला. पण फरक अचानक कमी झाला तर खूश होऊ नका. काडतूस फाटलंय किंवा रबरी रिंग सरकलीय आणि पाणी न गाळता पलीकडे जातंय.

गढूळपणा मोजायला छोटं मीटर घ्या. निर्जंतुकीकरणाआधी पाणी १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) खाली हवं. डोळ्यांना साधारण ४ च्या पुढेच काही दिसू लागतं आणि पारदर्शक नळीची साधी चाचणी ५ च्या खाली उपयोगाची नाही. त्यामुळे ‘पाणी काचेसारखं आहे’ ही नोंद नोंदवहीत नको.

यूव्हीचा निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा चालू आहे, एवढंच कळतं. साधारण ९,००० तासांनंतर त्याची ताकद उतरते, प्रकाश मात्र तसाच दिसत राहतो. तासांचा आकडा आणि तीव्रतेचा सेन्सर असलेलंच यंत्र घ्या, ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर डोस प्रमाणित केलेलं. काचेच्या नळीवर लोह किंवा क्षारांचा थर बसला की सायट्रिक आम्लाने पुसा, वीज बंद करून, हातमोजे घालून. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. आणि महिन्यातून एकदा यूव्हीचा प्लग काढून नळ उघडा: वीज गेल्यावर पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का, हे दुसऱ्या कशाने कळणार नाही.

क्लोरीन किती ‘खाल्लं’ गेलं

शिल्लक क्लोरीन सगळेच मोजतात. त्याहून आधी बोलणारा एक आकडा फुकट मिळतो आणि तो फार थोडे लोक लिहितात. रोज पाण्याच्या मीटरचं वाचन आणि द्रावणाच्या पिंपातली पातळी, दोन्ही टिपा. समजा द्रावण १ टक्क्याचं आहे, म्हणजे लिटरला १० ग्रॅम क्लोरीन. काल ६,४०० लिटर पाणी गेलं आणि द्रावण १.६ लिटर उतरलं. १६ ग्रॅम भागिले ६,४०० लिटर, म्हणजे लिटरला २.५ मिलिग्रॅम डोस. नळाला ०.७ मिळालं. मग १.८ वाटेत संपलं.

आठवडाभर हा आकडा १ च्या आसपास असेल आणि आज १.८ झाला, तर नळाचं ०.७ कितीही समाधानकारक वाटलं तरी काहीतरी बदललंय. उगमात पावसाचं पाणी, पाला किंवा शेण उतरलं असेल. नाहीतर द्रावण जुनं होऊन फिकं पडलं असेल, आणि तुम्ही धरलेला डोस प्रत्यक्षात पडतच नसेल. हायपोक्लोराइट ऊन आणि उष्णतेत भराभर निकामी होतं. ताजं द्रावण करून बघा. फरक गेला तर बाटली दोषी, नाही गेला तर विहिरीवर जा.

नोंदवही आणि मर्यादा

तारीख, वेळ, जागा, मुक्त क्लोरीन, पीएच, गढूळपणा, दाबाचा फरक, यूव्हीचे तास, मीटर, द्रावणाची पातळी, पावसाची नोंद आणि सही. पेनाने, खाडाखोड दिसेल अशी. चुकलेल्या दिवशी रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही.

कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखताचं पाणी एका उथळ विहिरीत उतरलं. सात माणसं गेली, सुमारे २,३०० आजारी पडली. चौकशीत निघालं की कर्मचारी क्लोरीन रोज मोजतच नव्हते, तक्त्यात ०.५ किंवा ०.७५ असे सोयीचे आकडे लिहायचे. तुमच्या नोंदवहीत सलग पंधरा दिवस ०.५ दिसला तर कौतुक न करता मोजणाऱ्याशेजारी उभं राहून एक मोजणी बघा. खरं पाणी इतकं शिस्तीत वागत नाही.

मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, शेजारी कृतीसह:

- शेवटच्या नळाला ०.२ पेक्षा कमी: लगेच पुन्हा मोजा, तेवढंच आलं तर पिण्यासाठी उकळलेलं किंवा बाटलीबंद पाणी द्या आणि मग कारण शोधा.
- गढूळपणा १ च्या वर: फिल्टर तपासा. ५ च्या वर: पिण्याचा पुरवठा बंद.
- यूव्हीचा अलार्म: पाणी आपोआप बंद झालं नसेल तर हाताने बंद करा.
- ‘खाल्लेलं’ क्लोरीन दीडपट: त्याच दिवशी उगम पाहा आणि जीवाणूंचा नमुना पाठवा.

रात्री अकराला आकडा वाईट आला तर पाणी बंद करायचा अधिकार मोजणाऱ्याला हवा. मालकाचा फोन लागेपर्यंत थांबायचं असेल तर मर्यादा लावून उपयोग नाही.

प्रयोगशाळेचा नमुना

उघडण्याआधी एकदा, हंगामात दर महिन्याला, शिवाय मोठा पाऊस, दुरुस्ती किंवा पूर आल्यावर. नमुने जोडीने घ्या: एक कच्च्या पाण्याचा, एक नळाचा. नळाचा चांगला आणि कच्च्याचा वाईट आला तर शुद्धीकरण तग धरून आहे, पण उगम बिघडतोय, हे वेळेत कळतं. जास्त क्लोरीन फिरवल्यावर ते पूर्ण निघून जाईपर्यंत नमुना घेऊ नका, त्या पाण्याचा अहवाल चांगलाच येणार.

बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. आतली पांढरी पूड किंवा थेंब सोडियम थायोसल्फेटचा असतो, तो क्लोरीन निष्प्रभ करतो; विसळून टाकू नका. नळाची जाळी काढा, तोंड निर्जंतुक करा, पाणी दोन-तीन मिनिटं सोडा, झाकण हातातच उलटं न करता धरा आणि खुणेपर्यंत भरा. बर्फाच्या पिशव्यांसोबत, शक्यतो सहा तासांत आणि फार तर २४ तासांत पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जीवाणू) एकही नको.

रसायनांची तपासणी एरवी वर्षातून एकदा पुरते. नायट्रेट ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम आणि आर्सेनिक १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आत हवं. नायट्रेट जास्त असेल तर बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांना धोका असतो, आणि उकळून ते कमी होत नाही, उलट दाट होतं.

अहवाल वाईट आला तर

पहिल्या तासात प्रत्येक नळावर पाटी लावा आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळा, एक मिनिट. २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. बर्फाचं यंत्र आणि कॉफीचं यंत्र हमखास विसरतात. साठलेला बर्फ फेका, यंत्रं बंद ठेवा. दात घासायलाही उकळलेलंच पाणी. आरोग्य खात्याला कळवा. मग उगमापासून नळापर्यंत त्या आराखड्यावरून चालत जा आणि दोष सापडल्यावर लाइन पुन्हा निर्जंतुक करा. निदान २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने ओळीने स्वच्छ आल्याशिवाय पाटी काढू नका.

याच वेळी मागच्या तीन आठवड्यांत राहून गेलेल्या पाहुण्यांना फोन करा. अवघड काम आहे आणि बरेच मालक ते टाळतात. पण त्यांच्यापैकी कुणी आजारी असेल तर डॉक्टरला नेमकं काय शोधायचं हे तुमच्याच फोनमुळे कळू शकतं, आणि तुमचं पाणी कधीपासून बिघडलंय याचा अंदाजही तिथूनच येतो.

हंगाम संपताना

शेवटच्या दिवशी सगळी वाचनं लिहा आणि दुरुस्तीची यादी त्याच पानावर. टाकी, लाइनी आणि गरम पाण्याची टाकी रिकामी करा, गोठणाऱ्या जागी तर नक्कीच. फिल्टरची काडतुसं फेका आणि ती ज्यात बसतात ते भांडं कोरडं करा. ओलं काडतूस पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डोसिंग पंपातून साधं पाणी फिरवून घ्या, नाहीतर क्षार बसून व्हॉल्व्ह चिकटतो. उरलेलं हायपोक्लोराइट साठवून ठेवायचं नाही. पीएच मीटरची सुई तिच्याच साठवण द्रावणात ठेवा, शुद्ध पाण्यात ठेवलीत तर बिघडते. क्लोरीन मीटरची बॅटरी काढा, डीपीडीच्या पाकिटांची मुदत बघा आणि संपत असेल तर नवी मागवायची नोंद पुढच्या वर्षीच्या पहिल्या पानावर करा.